नऊशे एक्कावन्न

माझी लेक जन्मली त्याच्या तिसऱ्या दिवशी नर्सने तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले. ही तपासणी करायची की नाही, असं हॉस्पिटलने आम्हाला विचारलं होतं. सक्ती नव्हती. नवरा म्हणाला, "होऊन जाऊ दे," आणि त्याने सही केली. ती रडली, मी तिला जवळ घेतलं, आणि आम्ही ते विसरून गेलो.

आठवड्याने फोन आला. रक्त पुन्हा तपासायला हवं होतं. दुसरी तपासणी झाली आणि आम्हाला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या बाई. आजाराचं नाव इतकं लांब होतं की त्यांनी ते कागदावर लिहूनच दिलं. फिनाइलकीटोनयुरिया.

"आपण दूध पितो, डाळ खातो, अंडी, शेंगदाणे खातो," त्या म्हणाल्या. "त्यातल्या प्रथिनांत फिनाइलअलॅनिन नावाचा एक घटक असतो. तुमच्या-माझ्या शरीरात तो मोडला जातो. हिच्या शरीरात मोडत नाही. साठत जातो. आणि साठला की मेंदूला इजा करतो."

"आईचं दूध?" मी विचारलं.

"मोजून. थोडं. बाकी पोट ही खास पावडर देऊन भरायचं."

"किती महिने?"

"महिने नाही. जन्मभर."

मी बाळाकडे बघत होते. तिच्याकडे बघून काहीही कळण्यासारखं नव्हतं. गुलाबी, गुबगुबीत, झोपलेली.

"घाबरू नका असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरा, पण शिस्तीत घाबरा. पथ्य नीट पाळलंत तर ही मुलगी शाळेत जाईल, नोकरी करेल, तुमच्याशी भांडेल. नाही पाळलंत तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे, आणि ते तुम्ही पाहू नये असं मला वाटतं."

त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो. मी अमरावतीची. माझ्या आईला फोन केला तर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "बाळाले दूध नाही द्यायचं म्हणजे काय गं?"

घरी सासरे वाट बघत होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मांजरी गावात आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी आबांचा ऊस होता. अर्ध्या जमिनीवर इमारती आल्या, त्यातल्या एकीत आम्हाला फ्लॅट मिळाला, आणि मागच्या बाजूला उरलेल्या तुकड्यात आबांनी हट्टाने ऊसच ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसायचा. आयुष्यभर ज्या माणसाने साखरेचा कच्चा माल पिकवला त्याला पन्नाशीत मधुमेह झाला. डाव्या पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून आबा डाव्या पायात कायम मोजा घालायचे. घरातसुद्धा.

आमच्याकडे मधुमेहाला कोणी मधुमेह म्हणत नाही. शुगर म्हणतात. "त्याला शुगर हाय" म्हणजे तो आजारी आहे. म्हणून मी आबांना सगळं समजावून सांगायला लागले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न तोच होता.

"शुगर हाय का पोरीला?"

"नाही आबा. हा वेगळा आजार आहे. उलट साखर चालते तिला."

"चालते म्हंजे? कितीबी?"

"दूध, डाळ चालत नाही. साखरेचं तसं काही नाही."

आबा बराच वेळ बाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाबी पैल्यांदा कुणी काय सांगितलं न्हाई. मग एकदम बोटंच काढली." आणि उठून आत गेले. त्यांना पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण मी ओली बाळंतीण, हातात पावडरचा डबा आणि मोजमाप. तेव्हा आबांचं समाधान करायला मला सवड नव्हती.

लेक वरचं खायला लागली तशी पुढची पायरी आली. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "आता पाकिटं वाचायला शिका. साखर चालेल, गूळ चालेल. साखरेच्या जागी जे घालतात त्यातला एक पदार्थ अजिबात चालणार नाही. अ‍ॅस्पार्टेम. तो फिनाइलअलॅनिनपासूनच बनवतात. कधी त्याचं नाव छापतात, कधी नुसता नंबर. नऊशे एक्कावन्न. पाठ करा."

मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. दिवसभर आकडे वाचणं हेच माझं काम. तरी दुकानात उभी राहून पाकिटाच्या मागची बाजू वाचायला मला नव्याने शिकावं लागलं. पुढच्या बाजूवर पानं, फुलं, हसणारी बाई आणि मोठ्या अक्षरांत साखरमुक्त. मागच्या बाजूवर मुंगीच्या पावलांएवढी इंग्रजी अक्षरं, तीही चकचकीत कागदावर, घडीच्या आत. साखर घातलेली नाही, म्हणजे मग गोड कशाने केलं? कुठे नाव असायचं, कुठे कंसात आकडा. नऊशे पन्नास, नऊशे पंचावन्न, नऊशे साठ. हे शेजारी सगळे निरुपद्रवी, आमच्यापुरते. त्यांच्यामध्ये एक घर आमच्या वैऱ्याचं. कुठे एक छोटी चौकट असायची, फिनाइलकीटोनयुरिया असणाऱ्यांसाठी नाही. पहिल्यांदा ती चौकट दिसली तेव्हा मी दुकानातच थांबले. ज्या आजाराचं नाव नातेवाइकांना सांगताना माझी जीभ अडखळायची, जे नाव आमच्या सोसायटीत कोणी ऐकलेलं नव्हतं, ते च्युइंगमच्या पाकिटावर छापलेलं होतं. कुणाला तरी आम्ही माहीत होतो.

औषधांचं आणखी अवघड. लहान मुलांची औषधं गोड करतात, पण कशाने, ते पट्टीवर क्वचितच लिहिलेलं असतं. तापाच्या एका गोळीसाठी मी कोथरूडच्या एका औषधवाल्याकडून त्याच्याकडचे चार-पाच प्रकार काढून घेतले आणि एकेक डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. काउंटरमागचे काका शांतपणे म्हणाले, "बाई, हे औषधांचं दुकान आहे. वाचनालय पुढच्या चौकात." मी त्यांना कारण सांगितलं. ते आत गेले. आतून एक भिंग आणून माझ्यापुढे ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

लेक मोठी होत गेली. आमच्या घरात रोजच एकादशी असल्यासारखं होतं. साबुदाणा, बटाटा, रताळं, आरारूट. फक्त खिचडीत दाण्याचं कूट नाही. भातसुद्धा काट्यावर तोलून. दिवसातून तीनदा ती उग्र वासाची पावडर, जी ती नाक दाबून प्यायची आणि वर साखरेचा खडा चघळायची. ठरावीक दिवसांनी बोटाला टोचून रक्त द्यायचं, मग पातळीचा आकडा यायची वाट बघायची.

अक्षरओळख व्हायच्या आधीच तिला तो नंबर ओळखता यायला लागला होता. मी शिकवलं नव्हतं. माझं बोट पाकिटावर कुठे थांबतं ते बघून बघून ती शिकली. एकदा मगरपट्ट्याच्या सिग्नलला आम्ही स्कूटरवर थांबलो होतो. पुढच्या टेम्पोच्या पाटीवर शेवटचे आकडे तेच होते. माझ्यापुढे उभी असलेली ती गंभीरपणे म्हणाली, "आई, हा टेम्पो आपल्याला चालत नाही." मी हसले. शेजारचा मोटरसायकलवालाही हसला. पण सिग्नल सुटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला सांगता यायचं नाही.

शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं तर ती न खाता खिशात ठेवायची आणि घरी आणून मला द्यायची. शेजाऱ्यांकडे गेली की आधी म्हणायची, "पाकीट दाखवा." लोकांना ते आगाऊपणाचं वाटायचं. वाटू दे, असं मी ठरवलं होतं.

ती पहिलीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

सुट्टीत दुपारभर ती आबांबरोबर असायची. तिचं जेवण मी सकाळी डब्यांत मोजून ठेवून जायची. आबांनी ते वेळेवर द्यायचं, एवढंच. आणि आबा तसं करायचे. त्यांच्या हातून कधी एक चमचा इकडेतिकडे झाला नव्हता. दोघं दुपारी पंख्याखाली पत्ते खेळायची, संध्याकाळी उसाच्या बांधावरून फिरून यायची.

मेमध्ये रक्ताचा आकडा वाढलेला आला. डॉक्टर म्हणाल्या, बारीकसा ताप, सर्दी झाली तरी वाढतो, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहू. पुन्हा पाहिलं तर आणखी वर गेलेला होता. आणि तिच्यातही फरक दिसायला लागला. पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकून द्यायची. लहानसहान गोष्टीवरून चिडायची. एकदा बुटाची नाडी बांधता बांधता मध्येच थांबली आणि नाडी हातात धरून नुसतीच बसून राहिली.

"घरात काहीतरी बदललंय," डॉक्टर म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज कोरडा होता. "काय, ते शोधा. मला इथे बसून दिसणार नाही."

आम्ही शोधलं. मी सगळी फडताळं रिकामी केली. प्रत्येक पाकीट, प्रत्येक बाटली पुन्हा वाचली. काटा बरोबर दाखवतो का ते दुसऱ्या काट्यावर पाहिलं. टूथपेस्ट वाचली. आबांच्या गोड गोळ्यांची हिरवी डबी फडताळातच होती. ती मी फार पूर्वीच तपासून घरात येऊ दिली होती, तीत दुसरा पदार्थ होता, नऊशे पंचावन्न. पुन्हा वाचली. तोच होता. लेकीला विचारलं, तर म्हणाली, डब्यातलं जेवण आणि आबांचं लिंबूसरबत; साखरेचं सरबत तर तिला चालतच होतं. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या दुखावल्या. नवरा म्हणाला, तुझ्याकडून भात तोलताना चूक होत असेल. मी म्हणाले, मग उद्यापासून तू तोल. त्याने तोलला. आठवडाभर आम्ही एकमेकांशी फक्त ग्रॅममध्ये बोललो.

आबा हे सगळं बघत होते. ते अधिकच जपून वागायला लागले. डबे देताना तिच्या समोर बसून राहायचे. मला म्हणाले, "उन्हाचा तरास आसंल. मी तिला उन्हात जाऊ देत न्हाई. पाणी पाजतो सारखं."

मग एके दिवशी ऑफिसात दुपारी वीज गेली, जनरेटरही बंद पडला, आणि आम्हाला घरी जा म्हणून सांगितलं. मी अडीच-तीनच्या सुमारास घरात शिरले. लेक बाहेरच्या खोलीत चित्र काढत होती. स्वयंपाकघरात आबा ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. पुढे स्टीलचा तांब्या, लिंबाच्या दोन फोडी, मीठ. त्यांच्या हातात हिरवी डबी होती. ते अंगठ्याने तिचं टोक दाबत होते आणि बारीक बारीक गोळ्या टपटप तांब्यात पडत होत्या. आबा पुन्हा पुन्हा दाबत होते. चव घेऊन बघितली, आणखी दाबलं.

"आबा, हे कुणाला?"

ते दचकले नाहीत. उलट हसले. "आलीस व्हय? बस, तुलाबी देतो. पोरीला सरबत करतोय."

"ह्या गोळ्या घालून?"

"मग? साखर न्हाई घातली मी. एक कण न्हाई. सबंध सुट्टीत एक कण घातला न्हाई." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "तुमी देता तिला साखर, मी बघतो की. रोज खडे चघळती. माझ्या घरात कुणाला पुन्यांदा शुगर झालेली मला बघवायची न्हाई. म्हनून दुपारचं सरबत मी ह्याचंच करतो. दोन-तीन येळा पिती. लई आवडतं तिला."

मी त्यांच्या हातातून डबी घेतली. हिरवीच होती, तेच नाव, तेच पान. फडताळातली डबी मी काढून शेजारी ठेवली. नव्या डबीवर झाकणाच्या खाली एक पिवळी रेघ होती. एवढाच फरक. मी ती उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ही कुठून आणली आबा?"

"फाट्यावरच्या दुकानातनं. मागच्या म्हयन्यात. म्हटलं ती हिरवी द्या, त्येनं दिली. माझी माझ्या चहाला, ही तिला. येगळी ठेवली, माझ्या खिशात. तुज्या डब्यात मिसळाय नको म्हनून."

नऊशे एक्कावन्न. आणि खाली ती चौकट.

मी सरबत मोरीत ओतलं. आबा बघत राहिले. माझी लेक दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला बाहेर पाठवलं आणि आबांना खुर्चीवर बसायला सांगितलं.

"आबा, मी तुम्हाला हे वाचून दाखवते. मराठीत सांगते." मी डबी धरून एकेक ओळ वाचली. "यात कृत्रिम गोडी आणणारा पदार्थ आहे. लहान मुलांना देऊ नये. फिनाइलकीटोनयुरिया असणाऱ्यांसाठी नाही."

ते शेवटचं नाव आबांना माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते आमच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यांना ते उच्चारता यायचं नाही, पण ऐकलं की कळायचं.

"हितं लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिचं नाव?"

"तिच्या आजाराचं."

त्यांनी डबी हातात घेतली. त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. आबा सातवी शिकलेले. वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे.

"मराठीत कुटं हाय?"

"मराठीत नाही, आबा."

"हिंदीत?"

"यावर नाही."

त्यांनी डबी टेबलावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या खिशात व्हती की गं. म्हयनाभर."

त्या संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी त्याला सांगितलं. तो वडिलांवर रागावेल असं मला वाटलं होतं. तो त्यांच्या खोलीत गेला आणि त्यांच्या कॉटवर शेजारी बसून राहिला. मला त्याचं रागावणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे निघालो तेव्हा आबा धोतर बदलून, टोपी घालून दारात उभे होते. "मी येतो," म्हणाले. दवाखान्यात आमच्या आधी तेच बोलले. झाली हकीकत स्वतःच सांगितली, काही न वगळता. मग विचारलं, "डाक्टरीनबाई, पोरीच्या डोक्याला काय झालं का?"

डॉक्टरांनी आधी लेकीला शेजारच्या खोलीत नर्सपाशी पाठवलं.

"महिना-दीड महिना पातळी वर होती," त्या म्हणाल्या. "फार वर नव्हती. आता कारण सापडलंय, ती खाली येईल. चिडचिड, लक्ष न लागणं, ते जाईल. पण आबा, कायमचं काही झालेलं नाही, हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही. बहुतेक नाही. आपण तिच्याकडे लक्ष ठेवू."

"भौतेक," आबा म्हणाले.

"हो. बहुतेक. मी खोटं सांगितलं तर तुम्हाला आज बरं वाटेल."

आबांनी मान हलवली. त्यांना बरं वाटायला नको होतं.

पातळी उतरली. पावसाळा सुरू व्हायच्या आत आकडा जागेवर आला. लेक पुन्हा डाव पुरा खेळायला लागली, नाड्या बांधायला लागली. दुसरीत गेली. पण घरात एक गोष्ट बदलली ती बदललीच. आबा तिला हाताने काही देईनासे झाले. मी मोजून ठेवलेला डबासुद्धा उचलून द्यायचे नाहीत. "तुझा तू घे बाय," म्हणायचे आणि बाजूला सरकायचे. मी कामावर गेल्यावर दुपारसाठी आम्हाला एक बाई ठेवाव्या लागल्या. आबा तिच्यासमोर जेवायचे नाहीत, तिच्यासमोर चहा घ्यायचे नाहीत. आमच्या घरात कुणी त्यांना शब्दाने बोललं नव्हतं. त्याची गरजच नव्हती.

एका रविवारी लेकीने मला विचारलं, "आबा मला सरबत का देत नाहीत? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस."

"मग त्यांनी काय केलं?"

तिला सगळं सांगायचं की नाही, यावर आम्ही नवरा-बायको आधी बोललो होतो. तिला कळलं पाहिजे असं माझं मत होतं. आयुष्यभर स्वतःला जपायचंय तिला. मी तिला सांगितलं, सोप्या शब्दांत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण मी पाकीट बघितलंच नाही," ती म्हणाली. "आबांना कशाला विचारायचं पाकीट?"

मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, स्टुलावर चढून साखरेचा डबा काढला आणि तो दोन्ही हातांनी धरून आबांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले.

"आबा, सरबत करा. यात पाकीट नाही. यात नुसती साखर आहे."

आबा कॉटवर बसले होते. डबा बघून त्यांनी पाय मागे घेतला, मोज्यातला पाय, जणू तो डबा त्यांच्या पायापाशीच येत होता. "तुझी आई करंल," ते म्हणाले.

"आईचं पांचट होतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "करा आबा," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

ते स्वयंपाकघरात आले. लिंबू कापलं. चमचाभर साखर घेतली आणि तो हात तांब्यावर धरून थांबले. थोडी साखर ओट्यावर सांडली. सांडलेली साखर त्यांनी बोटाने गोळा केली, काळजीपूर्वक, कण न् कण, आणि म्हणाले, "ही इखावानी वाटती मला. काय करू?"

"तुम्हाला विष आहे. तिला नाही," मी म्हटलं. "आणि त्या पिवळ्या रेघेच्या डबीतल्या गोळ्या तिला विष, तुम्हाला नाहीत. एवढंच लक्षात ठेवायचं, आबा."

त्यांनी चमचा तांब्यात उलटा केला. मग आणखी एक. लेकीने ओट्यापाशी उभं राहूनच पेला रिकामा केला. आबा तिच्याकडे बघत होते, काहीतरी होईल म्हणून वाट बघावी तसे.

त्यानंतर ते सावकाश माणसात आले. पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत. बाजारातून काहीही आणलं की आधी माझ्यापुढे ठेवायचे, अगदी मेणबत्तीचा पुडासुद्धा. लेक वाचायला शिकली तशी ते काम तिने घेतलं. ती मोठ्याने वाचायची, अडखळत, इंग्रजी शब्द फोडून फोडून, आणि आबा प्रत्येक शब्दाला "म्हंजे?" विचारायचे.

ती चौथीत असताना आबांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. हेही त्या जुन्या आजाराचंच देणं. किडनीच्या डॉक्टरांनी तपासण्या बघून पथ्य सांगितलं. डाळ अगदी कमी. दूध कपभरसुद्धा नाही. शेंगदाणे, हरभरे बंद. प्रथिनं बेताने, मोजून.

आबांनी घरी येऊन ते मला सांगितलं तेव्हा लेक ऐकत होती. "म्हणजे माझंच," ती म्हणाली.

अगदी तिचंच नव्हतं. साखर त्यांना बंदच होती आणि साबुदाणासुद्धा फार नाही. पण काटा दोघांचा एक झाला. ती आपलं वाढून झालं की आबांची वाटी काट्यावर ठेवायची, आकडा बघायची, चमच्याने डाळ काढायची, पुन्हा बघायची. आबा तिच्या हातून जास्त मागायचे नाहीत. मी वाढलं तर मागायचे.

ते दीड-दोन वर्षं असे जगले. शेवटी डायलिसिस सुरू झालं, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले. लेक आता सहावीत आहे. गणित तिला जरा जड जातं. माझ्या नवऱ्यालाही जायचं, म्हणून आम्ही त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आहे. कधी कधी मी लावते.

आबांचं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते त्या पथ्याच्या दिवसांतलं एक जेवण. दोघं टेबलाशी शेजारी बसली होती, पुढे जवळजवळ सारखंच ताट. दुधी भोपळ्याची भाजी, मोजलेला भात, वर तूप. आबांनी दोन घास खाल्ले आणि ताट पुढे सरकवलं.

"तुला जल्मभर हेच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कटाळा येत न्हाई?"

"येतो," ती म्हणाली. "भाताबरोबर खा. नुसती भाजी खाल्ली की जास्त येतो."

आबांनी ताट पुन्हा ओढून घेतलं, भात कालवला, आणि ती बघते आहे हे बघून घास घेतला.